न टाकलेला ठिपका

रंगाला विचारल्याशिवाय त्याच्यावर उजेड सोडू नये, असं लेझरवाली ताई म्हणायची.

कातडीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, लोकांच्या अंगावरची गोंदणं उतरवायचं तिचं काम. प्रेम आटलेली नावं, हौस फिटलेले वाघ, मित्रांच्या पैजेपायी काढलेले विंचू, सगळे तिच्या हाताखाली हळूहळू फिके होत जायचे. दवाखान्यातले लोक पाठीमागे तिला 'ठिपकेबाई' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. कारण कुणीही येवो, कितीही घाईत असो, पहिल्या दिवशी ती फक्त ठिपका टाकायची. गोंदणात जितके रंग तितके ठिपके, लेझरच्या उजेडाचे, तिळाएवढे. मग माणसाला घरी पाठवायची. काही आठवडे जाऊ द्यायची, ठिपक्याचं काय झालं ते बघायची, आणि मगच पुढची गोष्ट.

"बाई, एवढ्याशा तिळासाठी मी रजा टाकून आलो?" एक ट्रक चालवणारा असाच वैतागला होता. दंडावर लाल चोचीचा हिरवा पोपट.

"पोपट बसवायला एक दुपार लागली म्हणून उडवायलाही एकच लागेल, असं कुणी सांगितलं दादा?"

"यंत्र तर एवढं मोठं आहे. एकदाच काय ते भाजून टाका की."

"हे बघा, काळी शाई म्हणजे बहुतेक काजळी. उजेड बसला की तिचा चुरा होतो आणि अंग तो सावकाश वाहून नेतं. पण हे लाल-हिरवे रंग कारखान्यातले. कधीकधी गाड्यांना फासतात तेच. उजेडानं ते फुटतात, आणि फुटून त्यांचं काय बनेल ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. एखाद्यातून विषारी काही सुटतं. एखादा अंगभर पुरळ उठवतो. एखादा उतरायचा सोडून काळा पडतो. उद्या पोपटाचा कावळा झाला, तर शिव्या कुणाला घालाल?"

ट्रकवाला हसला आणि ठिपके टाकून घेऊन मुकाट गेला. ताईचं बोलणं असं होतं. कडू गोळी साखरेत घोळून द्यायची, पण द्यायचीच.

ठिपक्याच्या आधीही तिची दोन कामं असत. छतावरचा दिवा मालवून हातातला छोटा दिवा ती कातडीला लागून तिरका धरायची. तिरक्या उजेडात झाकलेलं उघडं पडतं. जुना व्रण, बुजवलेलं अक्षर, आजूबाजूच्या कातडीहून किंचित वेगळी दिसणारी जागा. आणि मग विचारायची, "याच्या खाली काही आहे का? आधीचं काही, झाकलेलं?" लोक लाजत, आढेवेढे घेत, पण सांगत. तिनं हे कित्येकांना विचारलं होतं.

एका माणसाला मात्र विचारलं नाही. ते माणूस म्हणजे ठकी, तिची सख्खी धाकटी बहीण.

ठकी झाली तेव्हा ताई चांगली मोठी होती, वेणी स्वतःची स्वतः घालणारी. आई कामावर जायची, आणि ठकी ताईच्या कडेवर. ताईनंच तिला न्हाऊ घातलं, ताईनंच चालायला शिकवलं, पहिला दात पडला तोही ताईच्याच ओंजळीत. झोपवताना ताई स्वतः रचलेलं एक गाणं म्हणायची. शाळकरी पोरीनं रचलेलं, जुळेल तसं जुळवलेलं:

ठकी माझी गं सानुली
साय दुधावरची
वाऱ्या, नको घालू फुंकर
मोडेल घडी तिची

ठकी मोठी झाली तरी लाडात आली की ताईच्या मांडीवर डोकं टाकून म्हणायची, "साय म्हण ना." आणि ताई म्हणायची, "आता कसली साय, आता तू खरवड झालीस, बुडाला लागलेली!" तरीही म्हणायची.

मग ठकी दुसऱ्या शहरात कामाला गेली, एका मोठ्या हॉटेलच्या चादरी-टॉवेलांच्या खोलीत. इकडे आईचं दुखणं वाढत गेलं. ताई दवाखाना करायची, घर करायची, आईचं अंग पुसायची, आणि मनात एक हिशेब मांडत जायची, जो कुणीच तिला मांडायला सांगितला नव्हता. शेवटच्या दिवसांत ठकीचा फोन आला. "ताई, येऊ का?" ताई थकलेली होती. म्हणाली, "ते मी सांगायचं? तुझं तू बघ." ठकीला वाटलं, ताईला आपण नको आहोत. ताईला वाटलं, जिला यायचं असतं ती विचारत बसत नाही. आई गेली तेव्हा ठकी वाटेत होती. दारात पोचली तर ताई म्हणाली, "आलीस? आता कुणाला भेटायला?"

एवढंच वाक्य. पण त्यावर काही वर्षं गेली.

गेल्या वर्षी मावशीकडे दोघींची गाठ पडली आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. डिंकानं दांडी चिकटवलेल्या कपासारखं. त्यातून चहा पिता येतो, पण दांडीला धरून उचलायचा धीर होत नाही. आणि एका दुपारी, काही न कळवता, ठकी दवाखान्याच्या दारात उभी. उजव्या हाताची बाही कोपरावर सरकवलेली.

"ही वेल काढायची आहे. मला पुढच्या काउंटरवर घेतायत. पाहुण्यांसमोर. तिथं कोपराखाली चित्र चालत नाही."

मनगटापासून निघालेली काळी वेल कोपराकडे चढली होती. बारीक पानं, आणि मधोमध तंतूंची दाट गुंतागुंत, जणू तिथं वेलीला गाठ बसली होती.

"दुसरीकडे कुठं गेली नाहीस?"

"दुसरीकडे कशाला जाऊ? घरची बाई हाताशी असताना?"

'घरची' हा शब्द ताईच्या कानात गोड गेला. तिनं तो हात हातात घेतला. कितीतरी काळानं. खरखरीत झाला होता, साबणाच्या पाण्यानं. तरी तोच हात होता.

आता ठिपका टाकायचा. म्हणजे दिवा तिरका धरायचा, विचारायचं, आणि म्हणायचं, "जा, काही आठवड्यांनी ये." ताईच्या जिभेवर ते आलंही होतं. पण ठिपका टाकला की माणसाला परत पाठवावं लागतं. आणि ठकीला दारातून परत पाठवायचं एकदा करून झालं होतं. परत पाठवली आणि आलीच नाही तर?

"चल, आजच सुरुवात करू," ताई म्हणाली.

"ठिपका नाही टाकायचा? तू तर त्यासाठी प्रसिद्ध आहेस म्हणे. बाहेरच्या मुलीनं सांगितलं मला, 'ठिपकेबाई आत आहेत.'"

"परक्यांना ठिपका. तुझ्या अंगावरचा तीळन् तीळ मला पाठ आहे. आणि वेल तर नुसती काळी. काळ्याचं काय विचारायचं?"

ठकी काहीतरी बोलणार होती. तोंड उघडून मिटलं तिनं. ताईनं ते पाहिलं, आणि तिला वाटलं, दुखेल म्हणून घाबरली असेल.

दोघींनी जाड काचांचे चष्मे चढवले. ताईनं तोंडाला मुखपट्टी बांधली, ठकीलाही बांधली. धूर ओढून घेणारी नळी हाताजवळ आणली. दाराबाहेरचा लाल दिवा लागला. मग यंत्राचा तो आवाज, चट्, चट्, चट्, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. केस जळाल्याचा वास. उजेड बसेल तिथं वेलीवर पांढरा फेस उमटत गेला, तो नेहमीच उमटतो, थोड्या वेळानं विरतो.

"दुखतंय?"

"रबर ओढून सोडल्यासारखं. तू लहानपणी मारायचीस तसं."

"मी? तू मारायचीस मला!"

दोघी हसल्या. हसता हसता ताईचा हात तंतूंच्या गुंत्यावर गेला. तिथं तंतूंच्या मधल्या मोकळ्या कातडीवरही पांढरं उमटलं. ताईला ते दिसलं. मोकळ्या कातडीवर तसं उमटत नाही. हात क्षणभर थबकला, आणि मग तिनं स्वतःलाच समजावलं की रेघा दाट आहेत, एकमेकींत मिसळल्या असतील. ठकी हसत होती. इतक्या वर्षांनी हसत होती. ते हसू थांबवून दिवा तिरका धरायचा तिला धीर झाला नाही.

फेस विरला. वेल थोडी करडी झाली होती, हवी तशी. पण मधोमध, तंतूंच्या जागी, टपालाच्या तिकिटाएवढा एक चौकोन काळाठिक्कर पडला होता. तासाभरापूर्वी तिथं ठकीची गहुवर्णी कातडी होती.

ताईनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा पाहिलं.

"ठके, इथं काय होतं गं?"

ठकी हाताकडे बघत राहिली. "ते जाणार नाही का?" एवढंच म्हणाली.

डॉक्टर आले. पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी हात दिव्याखाली नेला, वळवून बघितला आणि ताईकडे न बघता ठकीला विचारलं, "कातडीच्या रंगाची शाई भरून घेतली होतीस का, मुली?"

ठकीनं मानेनंच हो म्हटलं.

"त्या शाईत पांढरी पूड असते आणि अंगाचा रंग जमवायला गंज मिसळलेला असतो. लोखंडाचा गंज. लेझरचा उजेड बसला की तो तांबूसपणा जातो आणि काळेपणा येतो, डोळ्यांदेखत. पांढरी पूडही काळवंडते." मग ते ताईकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "ताई, तुमच्या हातून?"

पोपटाचा कावळा, तिनंच तर सांगितलं होतं, हसत हसत, परक्या माणसाला.

"पुन्हा उजेड टाकायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी ती शाई कुठली ते विचारा. त्यात आणखी काय होतं ते कळू दे. आणि कातडी शांत होऊ दे."

ठकीनं तिथंच गोंदणाऱ्याला फोन लावला. पलीकडून मशीनची घरघर ऐकू येत होती.

"मॅडम, वेल ना? आठवते की! मस्त झाली होती. शाई? 'त्वचा', मधला नंबर."

"आत काय असतं तिच्यात?"

"आत शाई असते, मॅडम!" तो हसला. पलीकडे कुणी हसत नाही हे लक्षात आल्यावर आवाज उतरला. "नाही, बाटलीवर तेवढंच होतं. आणि ती कंपनी आता माल पाठवत नाही. का, काही झालं का?"

"नाही," ठकी म्हणाली आणि फोन ठेवला.

हाताला मलम लावून, जाळीची पट्टी बांधून ताईनं तिला खुर्चीत बसवलं. डॉक्टर गेले होते. दाराबाहेरचा लाल दिवा विझला होता. आता ताईनं ते विचारलं, जे ती प्रत्येकाला विचारायची, आणि विचारताना तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"याच्या खाली काही आहे का? आधीचं काही, झाकलेलं?"

ठकीनं पट्टीची कड बोटानं सारखी केली.

"साय," ती म्हणाली.

"काय?"

"साय लिहून घेतलं होतं. काळ्यात, छोटंसं. नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात. खोलीत एकटी असायचे, झोप यायची नाही. म्हटलं, हातावर असलं तर बरं. तुला दाखवणार होते, आई बरी झाली की. मग तू म्हणालीस, आता कुणाला भेटायला. परत गेले त्याच आठवड्यात त्याच्यावर कातडी भरून घेतली. ती जागा नुसती बोडकी दिसायला लागली, म्हणून वेल."

ताईनं तिच्या हातावरची पट्टी पाहिली. पट्टीखाली काळा चौकोन, चौकोनाखाली तो शब्द. आणि सगळ्यांत वर तिनं आज स्वतःच्या हातानं टाकलेला उजेड.

"मला सांगायचंस ना, ठके."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आज सांगणारच होते, तर म्हणालीस, काळ्याचं काय विचारायचं."

हे ठकीनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते ताईच्या काळजात रुतलं. आईच्या वेळीही असंच झालं होतं. 'येऊ का' असं पोर विचारत होती, तेव्हा 'का गं, तिकडं काय अडलंय?' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. परक्यांना विचारायला तिची जीभ कधी अडली नाही. आपल्या माणसाचं सगळं आपल्याला ठाऊक असतं, या घमेंडीत घरच्यांना मात्र तिनं कधी काही विचारलंच नाही.

कातडी शांत व्हायला वेळ लागला. खपली धरली, पडली, काळा चौकोन तसाच राहिला. हॉटेलच्या मॅनेजरनं ठकीला थोडी मुदत दिली. तोवर लांब बाह्या. दर काही दिवसांनी ठकी हात दाखवायला येत राहिली. ताईला वाटलं होतं, येणार नाही. पण ती आली, आणि हेच ताईला जास्त लागलं: परत पाठवली असती, तरीही ती आलीच असती.

डॉक्टरांनी एक दिवस दोघींना समोर बसवलं. "दोन वाटा आहेत. एक, तसंच राहू द्यायचं. दुसरी, जपून, थोडं थोडं उतरवायचं. गंजाचं झालेलं काळं कधीकधी उतरतं. पण त्यात आणखी काही असलं तर ते कसं वागेल हे मला सांगता येणार नाही. म्हणून एकच ठिपका, कोपऱ्यात, आणि वाट बघायची."

"आणि खालचं?" ताईनं विचारलं.

"खालचं काय?"

"खाली एक शब्द आहे. काजळीच्या शाईतला."

डॉक्टरांनी मान हलवली. "वरचं जाताना खालचं आधी जाईल, ताई. उजेडाला दोन्ही काळीच. यातलं ठेवायचं कुठलं आणि न्यायचं कुठलं, ते त्याला कळत नाही. तुम्हाला तर हे माहीत आहे."

माहीत होतं. तसं होणार नाही असं कुणीतरी म्हणेल, म्हणून विचारलं होतं.

बाहेरच्या बाकावर ताई म्हणाली, "ठके, राहू दे का गं? लांब बाह्या घाल. मी शिवून देते, पाहिजे तितक्या."

"आणि उन्हाळ्यात? आणि लोक विचारतील ते? काय सांगू, इथं काळं का आहे?" ठकी हसली, जराशीच. "शब्द तर तसाही दिसत नाही ताई. मी झाकला, तू काळा केलास. आता उरलंय काय त्यात?"

"मला दिसतो ना आता."

"तुला दिसेपर्यंत उशीर झाला," ठकी म्हणाली. मग तिनं ताईच्या खांद्याला खांदा लावला, लहानपणी लावायची तसा. "काढ. पण या वेळी ठिपका टाक."

त्या दिवशी ताईनं सगळं रीतसर केलं. छतावरचा दिवा मालवला, छोटा दिवा तिरका धरला. तिरक्या उजेडात चौकोनाच्या आत, काळ्यात काळं, कातडी किंचित उचललेली दिसत होती: एक उभी रेघ, तिच्या डावीकडे वळलेलं एक पोट. 'स'चं असावं, किंवा 'य'चं. तिनं बोट फिरवून बघितलं. बोटाला कळेल इतकंच होतं. ती म्हणाली, "दुखेल हं," आणि अक्षरापासून जितक्या दूर जमेल तितक्या दूर, चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात, एक तीळ टाकला. चट्. बस, एकच. मग धुराची नळी बाजूला केली, आणि म्हणाली, "जा, काही आठवड्यांनी ये."

ते वाक्य बोलायला तिला किती जड गेलं, ते ठकीला कळलं की नाही कोण जाणे. "येते," असं म्हणून ती गेली.

मधल्या दिवसांत ताई कामं करत राहिली. ट्रकवाल्याच्या पोपटाच्या ठिपक्यांपैकी हिरवा बरा उतरला होता, लाल सुजून खाजत होता. तिनं त्याला सांगितलं की चोचीला आपण हात लावायचा नाही, पोपट बिनपिसांचा झाला तरी चालेल, चोच राहील. तो म्हणाला, "बाई, नुसती चोच घेऊन मी काय करू?" ती म्हणाली, "दादा, काही गोष्टी ठेवाव्याच लागतात."

ठकी सांगितल्या दिवशी आली. बाही वर केली, हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. "तूच बघ. मला धीर नाही."

ताईनं दिवा तिरका धरला.

काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यात तिळाएवढी जागा स्वच्छ झाली होती. ना फोड, ना सूज, ना काळेपणा. ठकीची स्वतःची, जन्मापासूनची कातडी, गव्हासारखी. ठिपका साफ उतरला होता. याहून चांगला ठिपका ताईनं इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण दिवा धरल्या धरल्या तिच्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात उलटंच मागत आली होती: उतरू नये, काळंच राहावं, त्याखाली तो शब्द राहावा, आणि तो आहे हे निदान दोघींना ठाऊक असावं.

"काय झालं? बोल ना," ठकी म्हणाली.

"उतरला," ताई म्हणाली. "सगळं उतरेल."

ठकीनं सुटकेचा श्वास टाकला. चष्मा चढवला, मुखपट्टी बांधली, डोळे मिटले. ताईनं नळी जवळ आणली. दाराबाहेर लाल दिवा लागला. आणि मग ठकी, डोळे मिटल्या मिटल्या, म्हणाली, "दुखेल तोवर साय म्हण ना."

ताईला शब्द आठवत होते. चाल आठवत होती. तिनं यंत्राचं तोंड काळ्यावर टेकवलं, जिथं 'स' सुरू होत असावा तिथं, आणि मुखपट्टीच्या आत, फक्त ठकीला ऐकू जाईल इतक्या हळू, वाऱ्याला विनवायला सुरुवात केली.